वृत्तलेखन आणि ललितलेखन : एक अनुभवचिंतन

वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्या माणसाचे ललित लेखन टिकत नाही, अशी एक समजूत आपल्या साहित्यव्यवहारात दीर्घकाळ मूळ धरून आहे. 'वृत्तपत्रीय भाषा' हा शब्दप्रयोग समीक्षेत आपण बहुधा दूषण म्हणूनच वापरतो. एखादी कादंबरी 'वृत्तान्ताच्या पातळीवर राहते' असे म्हटले की परीक्षणाचे काम संपले, असे मानण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. वृत्तपत्राच्या कचेरीतही याचेच प्रतिबिंब दिसते. तेथे 'हे जरा साहित्यिक झाले आहे' या शेऱ्याचा अर्थ मजकुराला कात्री लागणार, एवढाच असतो. एका क्षेत्राचे नाव दुसऱ्या क्षेत्रात दोषवाचक ठरावे, ही स्थिती अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ तात्त्विक नाही. एम.ए. झाल्यावर २००२ ते २००७ या काळात मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. त्यानंतर महाविद्यालयात अध्यापन करू लागलो आणि नियतकालिकांतील क्रमशः कादंबरीवर पीएच.डी.चे संशोधन केले. या दोन्ही काळांत थोडेफार कथालेखन चालू राहिले. आता दरवर्षी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थी वर्ग सुटल्यावर थांबतात आणि साधारण एकाच शब्दांत विचारतात, "सर, पेपरमध्ये काम मिळतंय. घेतलं तर माझं लिहिणं संपेल का?"

या प्रश्नात पोटाची चिंता आहे आणि ती रास्त आहे. एक साधा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडतो. समजा, दोनशे रुपये किमतीचे पुस्तक निघाले, त्याच्या हजार प्रती खपल्या आणि लेखकाला दहा टक्के मानधन मिळाले, तर हाती वीस हजार रुपये येतात. पुस्तक लिहायला तीन वर्षे लागली असतील, तर महिन्याला साडेपाचशेच्या आसपास. हजार प्रती खपणे हेच मराठीत सोपे नाही, हे वाचकांना मी सांगायला नको. तेव्हा 'केवळ लेखनावर जगणे' याचा मराठीतील व्यवहारी अर्थ वृत्तपत्र, नियतकालिक, आकाशवाणी, चित्रपट, मालिका यांपैकी कशाचा तरी आधार घेणे, असाच होत आला आहे. दोन लेखनांची सांगड घालावी की नाही, असा पर्याय फार थोड्यांपुढे असतो. ती कशी घालावी, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम इतिहासाकडे पाहावे लागते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. मराठी कादंबरी त्यानंतर पाव शतकाने, १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन'च्या रूपाने अवतरली. म्हणजे आपले आधुनिक गद्य कादंबरीपूर्वी वृत्तपत्रात घडू लागले होते. पुढे कादंबरी प्रौढ झाली तीही नियतकालिकाच्या पानांवरच. हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिती' १८८५ साली 'पुणे वैभव'मधून क्रमशः येऊ लागली. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' याच साप्ताहिकातून वाचकांच्या घरी गेली. ग्रंथरूप तिला १८९३ मध्ये मिळाले. आपण वर्गात शिकवतो ती ग्रंथरूप कादंबरी. तिचे मूळचे वाचक मात्र तिला आठवड्याच्या हप्त्याने, इतर मजकुराच्या शेजारी, वाचत होते.

हा शेजार क्षुल्लक नव्हता. 'पण लक्षात कोण घेतो' प्रसिद्ध होत होती त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून वृत्तपत्रांत घनघोर वाद चालू होता. १८९१ मध्ये तो कायदा झाला. सरकारने आमच्या घरात हात घालावा काय, शास्त्र काय सांगते, सुधारणा आधी की स्वराज्य आधी, असे प्रश्न अग्रलेखांतून लढवले जात होते. अग्रलेखांच्या या गदारोळात जिच्याबद्दल सारे बोलले जात होते, ती मुलगी मात्र कोठे बोलत नव्हती. हरिभाऊंनी यमूला प्रथमपुरुषी निवेदन करायला लावले आणि ती उणीव भरून काढली. वाद तोच, आठवडेही तेच. अग्रलेख जेथे सर्वसामान्य विधान करून थांबतो, तेथून कादंबरी एका माणसाच्या मनात शिरते. आपल्या सामाजिक कथांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' हे नाव दिले, यालाही मी महत्त्व देतो. 'आजकाल' हा संपादकाचा शब्द आहे. 'गोष्ट' हा कथाकाराचा.

या व्यवस्थेची किंमतही हरिभाऊंनी मोजली. त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाबद्दल समीक्षकांनी त्यांना दोष दिला आहे आणि तो निराधार नाही. आठवडा उजाडला की मजकूर द्यायचा, हे बंधन रचनेच्या बांधेसूदपणाला मारक असते. काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. तरी हाच हप्ता त्यांना वाचकाशी बांधून ठेवत होता. संशोधनासाठी जुन्या फायली चाळताना मला हे वारंवार जाणवले की, पाल्हाळ आणि जिव्हाळा या दोहोंचे उगमस्थान एकच आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. ते 'केसरी'चे सहकारी आणि टिळकांच्या कारावासकाळात त्याचे संपादक. पुढे १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' सुरू केला आणि १९२९ मध्ये त्यातील लेखनाबद्दल राजद्रोहाची शिक्षाही भोगली. १९०७ मध्ये त्यांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. महाभारतातील कथा, पौराणिक वेष. तथापि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही ओळखले. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. अग्रलेखात जे लिहिले असता १२४ अ कलमाखाली खटला उभा राहिला असता, ते सैरंध्रीच्या आणि भीमाच्या मुखाने बोलले गेले. येथे ललित लेखन ही वृत्तलेखनाने घेतलेली आडवाट आहे. जे ठाऊक आहे पण छापता येत नाही, त्याला मिळालेली ती दुसरी जागा.

या 'दुसऱ्या जागे'चा विचार मला अनेक वर्षे छळत आला आहे, कारण तिच्यातील मोह मी जवळून पाहिला आहे. तेवढा एक अनुभव येथे नोंदवतो.

२००३ साली पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या पट्ट्यात दुष्काळ होता. आमच्याकडे तालुका वार्ताहरांच्या बातम्या संध्याकाळी फॅक्सने येत, उशिराच्या बातम्या दूरध्वनीवरून सांगितल्या जात. त्या उन्हाळ्यात एक मथळा मी अनेकदा लिहिला : 'पाणी शेंदताना पाय घसरून विवाहितेचा मृत्यू'. खाली चार वाक्ये. गावाचे नाव, वय, अकस्मात मृत्यूची नोंद, आणि कोणते हवालदार तपास करीत आहेत ते. वाक्यांचा साचा इतका ठरलेला की नावे बदलली की बातमी तयार होत असे.

अशा एका बातमीच्या वेळी वार्ताहर दूरध्वनीवर थोडे अधिक बोलला. गावात कुजबुज निराळी आहे, असे तो म्हणाला. पुरावा काही नाही, कोणी नावानिशी बोलायला तयार नाही. मग जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. विहिरीत माणूस गेले की ती विहीर उपसून काढण्याची रीत आहे. पण त्या गावात पाणी उरलेली ती एकच विहीर होती. उपसावी की उपसू नये, यावर चावडीत दुपारपासून खल चालला होता. घराघरांत रिकाम्या घागरी होत्या आणि बायका निर्णयाची वाट पाहत बसल्या होत्या.

मी चार वाक्यांची बातमी लावली. कुजबुज छापण्याचा प्रश्न नव्हता. तिला आधार नव्हता, आणि जिवंत माणसांवर आरोप ठेवणारी निराधार ओळ ही वृत्तपत्राने करावयाची गोष्ट नव्हे. विहिरीच्या चर्चेला त्या रात्री पानात जागा नव्हती. आजही तेवढ्याच माहितीवर आणि तेवढ्याच जागेत मी ती बातमी तशीच लावीन.

तथापि छापलेल्या चार वाक्यांबाहेर जे उरले, त्याचे काय करायचे हा प्रश्न माझ्याजवळ राहिला. मी तेव्हा दोन वह्या ठेवत असे. एकीत कामाच्या नोंदी : तारीख, नाव, गाव, कोणी सांगितले. दुसरीत जे कशातच बसत नाही ते. विहीर उपसण्याचा वाद दुसऱ्या वहीत गेला. सात-आठ वर्षांनी तिच्यावरून एक कथा लिहायला घेतली, तेव्हा पहिला मोह स्वाभाविकपणे कुजबुजीचा झाला. वृत्तपत्राला पुरावा लागतो, कथेला लागत नाही. तेव्हा त्या स्त्रीला कोणी ढकलले ते आता सांगून टाकावे! नाव बदलले, गाव बदलले की झाले.

दोन खर्डे लिहून मी ते बाजूला ठेवले. जे मला ठाऊक नव्हते ते कथेतही मला ठाऊक झालेले नव्हते. केवळ पुराव्याची अट सैल झाली म्हणून मी अफवेला कथानकाचा मान देत होतो. ललित लेखनाला पुरावा लागत नाही, हे खरे. पण त्यामुळे ते अफवेचे माहेरघर होऊ शकत नाही. अखेर जी कथा लिहून झाली आणि एका दिवाळी अंकात आली, तिच्यात मृत्यूचे कारण नाही. तिच्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. निर्णय झालेला नाही, ऊन चढते आहे, आणि एक म्हातारी कोणाला न विचारता घागर घेऊन विहिरीकडे निघते. तिच्या मागोमाग इतर निघतात किंवा निघत नाहीत. त्या पाण्याचा पहिला घोट कोण घेणार, एवढाच त्या कथेचा विषय आहे.

या अनुभवातून माझ्या हाती जे आले, ते असे मांडता येईल. वृत्तलेखन आणि ललितलेखन यांतील भेद भाषेच्या साधेपणाचा किंवा अलंकृततेचा नाही. तो उत्तरदायित्वाचा आहे. बातमीतील प्रत्येक विधानाबद्दल 'हे कशावरून?' असे विचारण्याचा वाचकाला अधिकार असतो आणि बातमीदाराजवळ उत्तर असावे लागते. कथेला हा प्रश्न विचारला जात नाही. तिला विचारला जातो तो प्रश्न असा, की 'या माणसाला असेच वाटले असते काय?' पहिल्या प्रश्नाची सवय ज्याला लागलेली आहे, तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सैलपणाने देत नाही. आपल्याला काय माहीत नाही याची नेमकी जाणीव होणे, हे वृत्तपत्रातील नोकरीने मला दिलेले सर्वांत मोठे शिक्षण आहे. आणि कथाकाराला त्याहून उपयुक्त शिक्षण मला तरी ठाऊक नाही.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. बातमीत ललित लेखनाची जी उसनवारी होते, ती बहुधा सीमा ओलांडून होते. मृताच्या पत्नीच्या डोळ्यांसमोर अंधार पसरला, वृद्ध पित्याच्या मनात आठवणींचे काहूर उठले, अशी वाक्ये वार्ताहर फार सहजतेने लिहीत आणि आम्ही ती काढून टाकत असू. त्यांतील शब्द जुने झालेले असत. पण खरा आक्षेप वेगळा होता. त्या पित्याच्या मनात काय उठले हे कोणी विचारले नव्हते. बातमीला कथेकडून घेता येण्यासारखे बरेच आहे : निरीक्षणाची सूक्ष्मता, बोलीचा कान, तपशिलाची निवड. दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याचा परवाना मात्र तिला घेता येत नाही. अनिल अवचटांच्या लेखनाची थोरवी मला येथेच दिसते. 'पूर्णिया' (१९६९) किंवा 'माणसं' (१९८०) यांत लेखक स्वतः हिंडतो, विचारतो, ऐकतो आणि पाहिलेले सांगतो. समोरच्या माणसाचे दुःख त्याच्या बोलण्यातून आणि हालचालींतून जेवढे दिसते तेवढेच येते, आणि तेवढे पुरते.

स्वातंत्र्योत्तर काळात या सीमारेषेवर जाणीवपूर्वक काम करणारे दोन लेखक मला विशेष महत्त्वाचे वाटतात. अरुण साधू हे आयुष्यभर पत्रकार. पुढे पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुखही झाले. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' (१९७७) या त्यांच्या कादंबऱ्या 'राजकीय कादंबरी' म्हणून अभ्यासल्या जातात. माझ्या मते त्या तितक्याच 'बातमीदाराच्या ज्ञानाविषयीच्या' कादंबऱ्या आहेत. राजकीय बातमीदाराला मंत्रालयाच्या वऱ्हांड्यात बरेच काही कळते आणि त्यातील फार थोडे छापता येते. त्या उरलेल्या ज्ञानाचे माणसावर काय परिणाम होतात, ते 'सिंहासन'मधील दिगू टिपणीस दाखवतो. सत्तेचा खेळ त्याला सर्वांहून जवळून दिसतो, आणि पाहणे एवढेच त्याच्या हाती उरते. ही व्यक्तिरेखा वृत्तपत्राच्या पानात मावणारी नव्हती.

विजय तेंडुलकरांची उमेदीची बरीच वर्षे वृत्तपत्रे आणि मासिके यांत गेली. १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'चे प्रतिनिधी अश्विनी सरीन यांनी स्त्रियांचा बाजार भरतो हे सिद्ध करण्यासाठी एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेतली आणि ते वृत्त देशभर गाजले. त्या घटनेच्या प्रेरणेने तेंडुलकरांनी 'कमला' लिहिले. बातमीने बाजार सिद्ध केला. तेथे तिचे काम चोख झाले होते. नाटकाने त्या बाजाराची पुन्हा वार्ता दिली नाही. त्याने खरेदीदार पत्रकाराच्या घरात प्रवेश केला. विकत आणलेली कमला त्या घरातील सरिताला, म्हणजे पत्रकाराच्या पत्नीला, आपल्यासारखीच विकत आणलेली समजते आणि तिची किंमत विचारते. हा प्रश्न कोणत्याही पत्रकार परिषदेत विचारला जाणे शक्य नव्हते. त्याच नाटकात जुन्या वळणाच्या देशी भाषेतील वृत्तपत्राचे संपादक असलेले काकासाहेब आहेत. म्हणजे वृत्तपत्रसृष्टीच स्वतःची झडती घेत आहे. पत्रकारितेचे अंतरंग ठाऊक असलेला नाटककारच हे करू शकला.

हरिभाऊंपासून तेंडुलकरांपर्यंतच्या या उदाहरणांत एक सूत्र आहे. या लेखकांनी दोन लेखनांचे मिश्रण केले नाही. बातमी आणि अग्रलेख यांना त्यांचे काम करू दिले आणि ते संपले तेथून कथा-नाटकाला सुरुवात केली. ज्याला बातमीची हद्द ठाऊक आहे, त्यालाच हद्दीपलीकडे काय उरले ते नेमके दिसते.

असे असता आपल्या अभ्यासक्रमांत या दोन गोष्टी भिंत घालून वेगळ्या ठेवलेल्या आहेत. बातमी 'उपयोजित मराठी'च्या किंवा 'माध्यमांसाठी लेखन' अशा नावाच्या प्रश्नपत्रिकेत येते आणि ती कौशल्य म्हणून शिकवली जाते. कादंबरी साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत येते आणि ती कलाकृती म्हणून शिकवली जाते. पहिल्या प्रश्नपत्रिकेतील विद्यार्थ्याला आगरकरांचे किंवा शिवराम महादेव परांजप्यांचे गद्य वाचावे लागत नाही. दुसरीतील विद्यार्थ्याला 'पण लक्षात कोण घेतो' ही साप्ताहिकातून आली, एवढे एक वाक्य टिपणापुरते सांगितले जाते. मी गेली काही वर्षे एक छोटा उपक्रम करतो. स्थानिक वृत्तपत्रातील चार-पाच वाक्यांची एक बातमी विद्यार्थ्यांना देतो आणि तीन गोष्टी लिहायला सांगतो : यात काय सिद्ध झाले आहे, काय सिद्ध झालेले नाही, आणि कोण बोललेले नाही. कथा लिहा, असे मी सांगत नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरापाशी पोहोचलेले काही जण ती न सांगता लिहून आणतात.

संशोधनाच्या बाजूनेही काम पडून आहे. आपले कितीतरी महत्त्वाचे लेखक रोज किंवा दर आठवड्याला लिहीत होते. त्या सदरांपैकी पुस्तकात आलेला भाग थोडा आहे. उरलेले जुन्या फायलींत आहे आणि तो कागद हात लावताच तुटतो. एखाद्या लेखकाची कथा आणि त्याच आठवड्यातील त्याचे सदर शेजारी ठेवून पाहणारे प्रबंध आपल्याकडे व्हावयास हवेत. फायली गेल्या की हा अभ्यास कायमचा अशक्य होईल.

राहता राहिला विद्यार्थ्यांचा प्रश्न. त्याला मी खोटा धीर देत नाही. तालुका पातळीवरील वार्ताहराला मिळणारे मानधन अनेक ठिकाणी नाममात्र असते आणि जाहिराती मिळवण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक वृत्तपत्रांनी पाने आणि माणसे कमी केली. उरलेल्या माणसाला तीच बातमी छापील अंकासाठी, संकेतस्थळासाठी आणि चित्रफितीसाठी द्यावी लागते. रात्री अकराला घरी परतलेल्या माणसाच्या हातून कथा होणे अवघड असते, हे मी जाणतो. माझ्या पाच वर्षांत मिळून तीन कथा झाल्या. परंतु अध्यापनाच्या सुरक्षित नोकरीतील पुढच्या काळात ज्या कथा झाल्या, त्यांतील बहुतेकांचे बीज त्याच पाच वर्षांतील आहे, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून मी त्यांना सांगतो : नोकरी घ्या, परंतु दोन वह्या ठेवा आणि त्या एक होऊ देऊ नका. पहिलीत जे लिहाल त्याचा आधार जवळ बाळगा. दुसरीत जे लिहाल ते छापण्याची घाई करू नका. बातमीचे आयुष्य एका दिवसाचे असते, ही तिची उणीव मानू नका. त्या एका दिवसात कोणाची तरी बदनामी टळते किंवा कोणाला तरी न्याय मिळतो. आणि ज्या रात्री पानात जागा उरणार नाही, त्या रात्री काय वगळले ते लिहून ठेवा. लेखनाची पुष्कळशी सामग्री तेथे जमत असते.